टेबलाखालची नाल

मिनलचे अणू काही केल्या थांबत नव्हते. काचेच्या निर्वात डबीत लेझरच्या प्रकाशाने त्यांना गार करत करत जवळजवळ जागच्या जागी आणायचं, मग प्रकाश बंद करून तांब्याच्या वेटोळ्यांच्या चुंबकाने अधांतरी धरायचं, एवढंच काम. पण प्रकाश बंद झाला की सगळे पसार. दापोडीच्या वस्तीतल्या पोरीने चाकणला असले उद्योग मांडावेत, हेच अनेकांच्या डोळ्यांत खुपत होतं. शेड तिचा भागीदार जयदीप याच्या वडिलांची, दादासाहेबांची. दसऱ्यापर्यंत अणू धरून दाखवले नाहीत तर शेड एका कारखान्याला भाड्याने जाणार होती.

शेवटी तिने चुंबकत्व मोजायचं यंत्र टेबलाभोवती फिरवलं. एका कोपऱ्यात आकडा उसळला. ती खाली वाकली आणि तिचं डोकंच फिरलं. जिथे टाचणी आणायलाही तिने बंदी घातली होती, तिथे हळदकुंकू लावलेली लोखंडी नाल चिकटवलेली होती.

जयदीप ओशाळला. शर्यतीत बैलगाड्यांपुढे पळून घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, गाजवलेल्या घोडीची ती नाल. कामाला दृष्ट लागू नये म्हणून वडिलांनी मायेने लावलेली. राहू दे, आणखी एक वेटोळं लावून तिचा परिणाम मारू, असं तो म्हणाला. मिनलने सरळ दादासाहेबांनाच बोलावलं.

"नाल काढली तर शेड बी सोडायची," ते म्हणाले. "तुमच्यात मानत नसतील. आमच्यात मानत्यात."

ते 'तुमच्यात' तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिला संताप आला, पण आवाज चढला नाही.

"अणू थांबले तर यश नालेचं, पळाले तर दोष माझा. हे मला मान्य नाही, दादासाहेब." तिने नाल उचकटून त्यांच्या हातात दिली. "ही हातात आहे तोवर उंबऱ्याबाहेर थांबा. पण बघितल्याशिवाय जाऊ नका."

आपल्याच शेडच्या दाराबाहेर दादासाहेब उन्हात उभे राहिले. जायचं त्यांच्या मनात आलं असेल, पण गेले नाहीत. मिनलने वेटोळ्यांतला प्रवाह नव्याने जुळवला. लेझर बंद झाले. थोडं थांबून कॅमेऱ्याने फोटो टिपला आणि पडद्यावर धरलेल्या अणूंचा ठिपका उमटला. तिने पुन्हा केलं. पुन्हा ठिपका.

"थांबलं का?" बाहेरून आवाज आला.

"थांबले."

दादासाहेबांनी नाल जीपच्या बॉनेटवर ठेवली, रिकाम्या हातांनी आत आले आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्या कारखानेवाल्याला दुसरी जागा बघायला सांग, असं जयदीपला म्हणाले.

"आन आता दिष्ट लागली म्हंजी?"

"लागू द्या," मिनल म्हणाली. "धरायला मी आहे."