पहिल्या चमच्याआधी अर्धा तास

सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने मला कधी एक फूल आणून दिलं नाही. सिनेमाला नेलं तर मध्यंतराआधीच घोरायला लागला. पण एका सकाळी त्याने संडासातून मोठ्या आपुलकीने हाक मारली, "अगं, जरा येऊन बघ."

बघितलं. डांबरासारखं काळंकुट्ट. औषधांच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरला उभी आहे मी, त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोटात कुठेतरी रक्त वाहत होतं. माझं धाबं दणाणलं, आणि हा म्हणतो, "काल भाजी जरा करपली होती, त्याचं असेल."

"भाजी नाही, तुमची अक्कल करपलीय," मी म्हटलं आणि होता तसा, पायजम्यावर, गाडीत घातला.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. अल्सर. शर्टाच्या बटणाएवढा. "गुडघ्यांसाठी त्या वेदनाशामक गोळ्या खात होतात ना, त्या आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "ही ॲसिड कमी करणारी कॅप्सूल. रोज सकाळी एक, अनशापोटी. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. जखम भरली नसेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल, आणि मग तुमचं ते स्वयंपाकघरही सुटेल."

ऑपरेशन हा शब्द नवऱ्याच्या कानात शिरलाच नाही. "स्वयंपाकघर सुटेल?" त्याने विचारलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची दयाच आली. कारखान्याच्या कँटीनचा तो मुख्य आचारी. कँटीनच्या मागच्याच खोल्यांत आम्ही राहतो. सकाळी पाचला तो शेगडी पेटवतो आणि तीनशे माणसांच्या पोटाची काळजी वाहतो. स्वतःच्या पोटाची वाहायची राहून गेली, एवढंच.

घरी आल्यावर मी कॅप्सूलच्या पाकिटावर लाल पेनाने सूचना लिहिली, त्याच्या हातात दिली आणि निर्धास्त झाले. दुकानातलीच बायको घरात असल्यावर चूक होईलच कशी, असा माझा तोरा.

चार आठवडे झाले तरी दुखणं तसंच. जळजळ तशीच. आंबट ढेकर तर असे की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, बरं आहे ना? शेवटी मी पट्ट्या काढून मोजल्या. अठ्ठावीस कॅप्सूल संपायला हव्या होत्या, संपल्या होत्या एकोणचाळीस.

"हे काय?"

"दुखलं की दोन घेतो. फारच दुखलं तर तीन."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? कमी वाटलं की आणखी घालायचं."

"अहो, मीठ आहे का ते!"

यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मिठाचा अपमान झाला. माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात रजा टाकली आणि पहाटे पाचला त्याच्यामागोमाग कँटीनमध्ये जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसले. म्हटलं, बघतेच हा माणूस करतो तरी काय.

त्याच्या शर्टाच्या खिशात एक स्टीलचा चमचा असतो. दांडा वाकलेला, कडा झिजलेली. त्या चमच्याला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी तो रात्रीच शिजवून ठेवलेल्या सूपच्या टोपात बुडाला आणि तोंडात गेला. मग रस्सा. मग चटणी. मग पुन्हा सूप. मी बोटांवर मोजत होते, बोटं संपली तेव्हा कागद घेतला. एक वाजेपर्यंत एक्केचाळीस चमचे झाले.

आणि एक वाजता? महाराजांनी हात धुतले, कॅप्सूल गिळली, आणि हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत स्टुलावर बसले. दीड वाजेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग ताट वाढून घेतलं आणि मला म्हणाला, "बघितलंस? मिनिटाचा फरक नाही."

"सकाळपासून एक्केचाळीस चमचे पोटात गेले, त्याचं काय?"

"ते खाणं नाही. ते काम आहे."

"पोटाला काय माहीत तुमचं काम?"

"हे बघ," तो चिडून म्हणाला आणि त्याने खिशातून कॅप्सूलचं पाकीट काढून माझ्या नाकासमोर धरलं. लाल पेन. माझंच अक्षर. 'जेवणाआधी अर्धा तास.'

डॉक्टरीणबाईंनी सकाळी अनशापोटी म्हटलं होतं. आणि मी, चौदा वर्षांच्या अनुभवाची बाई, जे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाकिटावर लिहिते तेच सवयीने खरडलं होतं. नवऱ्याने ते तंतोतंत पाळलं. त्याच्या हिशोबी जेवण दीड वाजता असतं. इतकी वर्षं मी हजारो लोकांना हे लिहून दिलं, आणि तुम्ही जेवता कधी हो, असं एकालाही विचारलं नाही. मला तिथेच बटाट्यांवर रडू आलं. तो घाबरला आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही पोरांसारखं झापलं. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. उठल्या उठल्या एकच कॅप्सूल, त्यानंतर अर्धा तास तोंडात काही नाही. "चमचासुद्धा नाही," त्या बोट रोखून म्हणाल्या. "दुखलं तर मला फोन करा, दुसरी गिळू नका."

लवकर उठून गोळी घ्यायची, हा सोपा उपाय दोन दिवस चालला. गोळी घेऊन हा पुन्हा आडवा व्हायचा आणि आंबट पाणी घशाशी आलं की मलाच शिव्या घालायचा. तिसऱ्या दिवशी त्याने गजराचाच गळा दाबला. म्हणजे पाचलाच उठणार, पाचलाच गोळी घेणार, आणि दहा मिनिटांत समोर सूपचा टोप. पहिल्या पाळीची साठ माणसं सव्वापाचला वाडगा घेऊन रांगेत उभी राहतात. त्यांचं सूप चाखायचं कुणी?

"आण तो चमचा," मी म्हटलं.

त्याने खिशावर हात ठेवला. मी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी त्याने चमचा माझ्या तळव्यावर असा ठेवला, जसा काही दात काढून देत होता.

तेव्हापासून रोज पहाटे मी सूप चाखत होते. मीठ मी सढळ हाताने घालायची, कारण सव्वीस वर्षं घरात माझ्या प्रत्येक भाजीवर या माणसाने न चाखताच मीठ भुरभुरलंय. तो बाजूला उभा राहून तोंड मिटून घड्याळ बघायचा. "ठीक आहे?" मी विचारायची. वासावरूनच तो मान हलवायचा. मला वाटलं, चला, या वयात का होईना, माझ्या हाताला मान मिळाला.

आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. बाहेरच्या बाकावर बसून मी नखं कुरतडून संपवली. डॉक्टरीणबाई आल्या त्या हसतच. "भरली जखम. शाबास."

पायऱ्या उतरताना मी त्याचा दंड धरला होता. खालच्या पायरीवर तो थांबला आणि म्हणाला, "सूप खारट होतं."

"कधी?"

"रोज."

"काय?"

"तुझी पाठ वळली की मी पाणी घालायचो. तरी खारटच. अर्धे वाडगे परत यायचे. मॅनेजरने दोनदा बोलावून झापलं."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?" मी तिथेच पायरीवर ओरडले. "साठ माणसांना दोन महिने खारवलंत! तुमचं नाव खराब झालं असेल!"

"झालंच," तो म्हणाला. "पण सांगितलं असतं तर तू रागाने चमचा फेकून गेली असतीस. आणि तो हातात आला असता तर माझ्याने राहवलं नसतं."

मिठाचा एक कण इकडचा तिकडे झाला तर अख्खा टोप ओतून देणारा माणूस हा. मी पर्समधून चमचा काढला, पदराने पुसला आणि त्याला परत दिला. त्याने तो खिशात ठेवला, वरून दोनदा थोपटला.

"उद्या येशील ना?" त्याने विचारलं.

"कशाला? खारवायला?"

"नुसती बस पोत्यावर," तो म्हणाला. "सवय झालीय."