विंगेतली जागा

"पुन्हा अंधार करा," बिभीषणनाना म्हणाले.

नगरच्या त्या दुकानदारानं आता मात्र उघड सुस्कारा सोडला. मागच्या खोलीत पडदे ओढून, दोन दिवे टांगून त्यानं लाइटचे बोर्ड दाखवायची सोय केली होती. एरवी गिऱ्हाईक येतं, चार बटणं दाबतं, चहा पितं आणि बोर्ड घेऊन जातं. हे म्हातारं सकाळपासून नुसता अंधार मागत होतं.

अंधार झाला. दुकानदारानं बटण दाबलं. दिवा लागला, पण सावकाश, लाडात आल्यासारखा.

"ह्यो इतक्या दमानं का येतो?"

"तसं ठेवलंय, काका. एकदम पण आणता येतो."

"मंग आणा की! अंधारात मानूस हुबं आसतंय. त्याला कुठला दम?"

शेजारी फडाचा मालक कल्याण मोबाईल चाळत बसला होता. नाना त्याच्या बापाच्या काळापासून या तमाशाचे लाइटवाले. आता तमाशात लाइटवाल्याला विचारतो कोण? पोस्टरवर नाव नाही, वाट्याला टाळी नाही. दिवा चुकला की मात्र सगळ्या गावाला त्याची आई आठवते. पण स्टेजच्या कडेला, विंगेतल्या लोखंडी पेटीवर बसून नानांनी उभा जन्म काढला होता आणि त्यांना दुसरं काही नकोही होतं.

"नाना, मला त्यातलं काय कळत न्हाई," कल्याण म्हणाला. "वापरायचा तुमाला हाय. तुमी बोट ठेवाल त्यो घेऊ."

दुकानात दोन बोर्ड मांडले होते. एकावर दांड्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक दिव्याची दांडी वेगळी. "याला तुमच्यासारखा मुरलेला माणूसच लागतो," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्या कुणाला झेपायचा नाही." दुसऱ्या बोर्डात आधी सीन लावून ठेवायचा. मग लढाईला एक बटण, दरबाराला एक, रडारडीला एक. पब्लिकनं आरडाओरडा करून वग मागंपुढं करायला लावला तरी हरकत नाही, हवं ते बटण दाबलं की तो सीन समोर हजर. "आणि उद्या तुम्ही आजारी पडलात," दुकानदार कौतुकानं म्हणाला, "तरी कुणीही चालवेल बघा."

नानांच्या मनात आलं, कुणीही चालवेल, मग आपण कशाला?

पहिल्या बोर्डावर बोट ठेवलं असतं तर विंगेतली जागा मरेपर्यंत त्यांचीच होती. मोह झाला. खोटं कशाला बोला, लई मोह झाला. त्यांनी उजवा हात दांडीवर नेला. बोटं निघाली, पण उशिरा निघाली. गेल्या साली त्या हातावरनं वारं गेलं होतं. फडात कुणाला ठाऊक नव्हतं, एका बायकोला सोडून.

बायको विजयमाला त्याच फडात वगातली आई करायची. लढाईत लेक पडतो, अंधार होतो, त्या अंधारात तिनं धावत येऊन लेकाशेजारी बसायचं आणि लगेच उजेड. खर्ड्याकडच्या एका जत्रेत तो उजेड आलाच नाही. नाना हाताला शिव्या देत होते, हात हलत नव्हता. आणि विजयमाला अंधारात अंदाज चुकून सरळ स्टेजवरनं खाली गेली. खुब्याला लागलं. तेव्हापासून ती लंगडते. सगळ्यांना तिनं सांगितलं, "पदर पायात आला."

नानांनी हात दांडीवरनं काढला आणि डाव्या हाताचं बोट दुसऱ्या बोर्डावर ठेवलं.

"ह्यो घे. आन् कल्याण, ह्याच्यावर साळूबाईला बसव. कपडेपट सांभाळत ती तिथंच आसती. सीन मी लावून दीन."

"आन् तुमी?"

"माजा हात गेलाय, बाबा. खर्ड्याला हिचा पदर पायात न्हवता आला. माजा हात उठला न्हाई. उद्या डावाबी आसाच दगा दील, त्याचा भरवसा न्हाई."

कल्याणनं मोबाईल बाजूला ठेवला. मग त्यानं नानांचा तो हात आपल्या हातात घेतला आणि दुकानदाराला बोर्ड बांधायला सांगितलं. "फड सोडून कुठं जायचं न्हाई," टेम्पोत बसताना तो एवढंच म्हणाला.

फडाची तालीम शेवगावला, कापसाच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये चालायची. विजयमाला भाकरी थापत होती. नानांनी सगळं सांगितलं तशी तिनं हातातला गोळा परातीत आपटला.

"मंग मी खोटं कुनासाठी बोलले?" ती म्हणाली. "एवढं हाड मोडून घेतलं, त्ये तुमाला तिथनं उठवायला व्हय?"

"अगं, पुन्हा पडली आसतीस."

"पडले आसते! तुमी तिथं बसलेलं तरी आसता." आणि ती पदरात तोंड घालून रडली. नाना शेजारी टेकले.

रंगीत तालमीला गोडाऊनची दारं लावून घेतली. सगळे सीन नानांनी स्वतः लावून दिले होते. साळूबाई चष्मा पुसून पेटीवर बसली. कल्याणनं समोर एक खुर्ची टाकली. "या नाना, आज पब्लिक व्हा."

नाना तिथं कधी बसलेच नव्हते. वग त्यांनी जन्मभर कडेनं पाहिलेला.

लढाई झाली, लेक पडला. अंधार. नाना मनातल्या मनात विजयमालाची पावलं मोजू लागले. साळूबाईचं बटण अचूक पडलं आणि लख्ख उजेड. विजयमाला जागेवर होती, लेकाचं डोकं मांडीवर घेऊन. विंगेतनं नानांना तिचा बहुधा एकच गाल दिसायचा. आज सगळा चेहरा समोरून दिसला. किती थकली होती ती! आणि अजून किती चांगली दिसत होती.

ढोलकी थांबली. आता तिचा विलाप. पण ती गाईना. तिनं मान वळवून विंगेत पाहिलं. उजेड नीट बसला की नाना तिथनं मान हलवायचे आणि मगच ती तोंड उघडायची. इतक्या वर्षांत ही खूण त्या दोघांशिवाय कुणाला कळलीही नव्हती. साळूबाई बिचारी खाली बटणांकडे बघत होती.

विजयमाला थांबून राहिली.

समोर खुर्चीवर, अंधारात, नानांनी मान हलवली. ते तिला दिसणार नव्हतं. त्यांनी पुन्हा हलवली.

मग तिनं विंगेकडून तोंड फिरवलं आणि गायला सुरुवात केली.