नाव न घेता

आयोवातल्या त्या गावात कोंबड्या कापण्याच्या कारखान्याशिवाय दुसरा आधार नव्हता. येसेनियाची आई, एउलालिया, ग्वाटेमालाहून आल्यापासून तिथल्या सरकत्या पट्ट्यापाशी, लाइनवर, कोंबड्यांचे पंख छाटायची. येसेनिया हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. 'जागतिक नागरिकत्व आणि लोकसेवा' हा अभ्यासक्रम तिनं हट्टानं घेतला होता आणि तो शिकवणाऱ्या हालवर्सन सरांवर तिची श्रद्धा होती. "ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी बोला," असं ते वर्गात पुन्हा पुन्हा सांगत. मुलांना दरवर्षी परदेशी नेत. त्या सहलीचा खर्च कारखाना देई.

वर्षअखेरीच्या सभेसाठी प्रत्येकानं गावातला एक प्रश्न मांडायचा होता. कुणी प्लास्टिक घेतलं, कुणी भटकी कुत्री. येसेनियानं लाइनवरच्या बायका घेतल्या. त्यांना लघवीला जाऊ देत नाहीत, म्हणून त्या सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत.

"तुझं सांगू का गं त्यात?" तिनं आईला विचारलं.

एउलालिया मक्याच्या पोळ्या थापत होती. एकदा मुकादमानं लघवीला जाऊ दिलं नाही, आणि ती उभ्या जागी ओली झाली, ती गोष्ट येसेनिया विचारत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"नाव घेऊ नकोस. बाकी सांग. एकदा कुणीतरी सांगायलाच हवं."

सभेत येसेनियानं सगळं सांगितलं, नाव घेतलं नाही. पहिल्या रांगेत कारखान्याचे व्यवस्थापक बसले होते. शेवटी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. हालवर्सन सरांचे डोळे भरून आले होते.

पण ती गोष्ट त्या मुकादमाला ठाऊक होती. नाही म्हणणारा तोच तर होता. आठवडा उलटायच्या आत एउलालियाला सांगितलं, काम कमी झालंय, उद्यापासून येऊ नका. तिच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवी बाई उभी राहिली.

येसेनिया तडक सरांकडे गेली.

"मी बोललो व्यवस्थापकांशी," सर म्हणाले. "ते म्हणतात, निव्वळ योगायोग आहे."

"तुम्हाला पटलं?"

सर टेबलावरचे कागद नीट लावत राहिले.

"सर, नगरसभेत मी पुन्हा बोलणार आहे. माझ्या शेजारी नुसते उभे राहाल? बोलू नका हवं तर."

"येसेनिया, अगं, उद्या हा अभ्यासक्रमच बंद पडला तर? तुझ्यामागून येणाऱ्या पोरांचा विचार कर." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "तुझं भाषण यंदाचं सर्वोत्तम ठरलंय. विद्यापीठाला मी तसं कळवतोय. शिष्यवृत्ती मिळेल तुला."

नगरसभेत ती एकटीच गेली. तिचं ऐकून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला. लाइनवरच्या ज्या बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं, त्या चर्चमध्ये तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या. त्यांनाही पोरंबाळं होती.

निरोपाच्या समारंभात द्यायचं लोकसेवेचं पदक तिलाच जाहीर झालं. "मी जाणार नाही," ती घरी म्हणाली.

"जाणार," एउलालिया म्हणाली. आता ती शेजारच्या गावात मोटेलच्या खोल्या झाडत होती. "माझी नोकरी गेली ती फुकट घालवायचीय का तुला?"

पदक घालायला व्यवस्थापक उभे होते. "हिच्यासारखं धाडस प्रत्येक मुलात यावं," ते माइकवर म्हणाले. फोटोसाठी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. येसेनियानं समोर पाहिलं. मागच्या रांगेत आई उठून उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती. येसेनियानं खांदा काढून घेतला नाही.

परतताना एउलालिया गाडी चालवत होती.

"हसली नाहीस तू फोटोत," एउलालिया म्हणाली.

"हसायचं होतं?"

"विद्यापीठाचं पत्र हातात पडेपर्यंत हसायचं," आई म्हणाली, आणि तिनं गाडी मोटेलच्या रस्त्याला वळवली. तिची कामाची पाळी सुरू व्हायची होती.