जुन्या बोर्डावर झिऑन

जावई घरी आला की लिलाबाईंना दोन जिभा लागत. एक बाहेरची, "घ्या ना युवराजराव, थोडं भरीत अजून," असं म्हणणारी. दुसरी आतली. ती अहिराणीत बोले आणि तिला कुणाची भीडभाड नसे. 'या माणूसना डोकामा नुसता पंखा फिरी ऱ्हायना,' ती म्हणायची, 'प्रोसेसर बसाडेलच नई शे.'

लिलाबाईंनी उभी हयात धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात घालवली होती. आता देवपुरातल्या घरी बसून त्या सर्किटचे व्हिडिओ बनवत आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकत. युवराजचं जळगावला कॉम्प्युटरचं दुकान होतं. "रॅम वाढवा, स्पीड वाढेल," हे त्याचं एकुलतं एक शास्त्र. पंखा वाजला तरी रॅम, स्क्रीन गेली तरी रॅम. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस, असं लिलाबाईंचं पक्कं मत होतं, आणि असल्या माणसाच्या गल्ल्यामागे आपली इंजिनियर झालेली लेक बसते, याचा त्यांना त्याहून जास्त राग होता. मृणालीला फोन केला की त्या आधी विचारत, "काय गं, आज किती माऊस खपवले?"

मृणाली हसून विषय बदलायची.

त्या रविवारी युवराज आणि मृणाली धुळ्याला आले होते. जेवण झाल्यावर युवराज टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, "आई, हे मढं किती दिवस घरात ठेवणार? भंगारात द्या. मी एक लॅपटॉप पाठवतो, एकदम कडक."

"बोर्ड चांगला आहे त्याचा," लिलाबाई म्हणाल्या. "फक्त प्रोसेसर दमतो. तो बदलणार आहे मी."

"या बोर्डाला आता प्रोसेसर कुठून आणणार?"

लिलाबाईंनी कपाटातून एक पुडी आणली. आत सर्व्हरमधून काढलेला झिऑन जातीचा प्रोसेसर होता आणि नखाएवढी, चिकटपट्टीसारखी पातळ एक पट्टी. एखाद्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं त्यांनी सावकाश समजावलं. हा प्रोसेसर दुसऱ्या सॉकेटसाठी, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या बैठकीसाठी बनवलेला. पण दोन्ही सॉकेटं एकाच घराण्यातली. दोन जागचे संपर्क तेवढे उलटसुलट आहेत, ते ही पट्टी सरळ करते. हाच अडॅप्टर. प्रोसेसर पाव वळसा फिरवून बसवायचा, म्हणून सॉकेटच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन खुंट कापून टाकायचे. बस्स.

युवराज खो खो हसला. "स्टिकर लावून प्रोसेसर बदलतो होय! उद्या ट्रॅक्टरला टिकली लावाल आन् म्हणाल, विमान झालं!"

'हसी ले,' आतली जीभ म्हणाली. बाहेरचीने त्याला बडीशेप दिली.

खरं तर तो गेल्यावर निवांत बसून करायचं काम. पण त्या हसण्याने लिलाबाईंचं डोकं फिरलं. त्याच्यादेखत त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुना प्रोसेसर काढला, पट्टी चिकटवली आणि ब्लेडने खुंट कापायला घेतले. दुसऱ्या खुंटाला ब्लेड जरासं सटकलं. लिलाबाईंनी ते सावरलं, मान वर केली नाही. प्रोसेसर बसवला, पंखा लावला, बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळी ती काळीच.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

युवराजने आधी मोबाईल काढला. फोटो घेतला, आणि त्यांच्यासमोरच स्टेटसला टाकला: 'सासूबाईंची लॅब,' पुढे हसणारे चेहरे. "वाईट वाटून घेऊ नका, आई," तो म्हणाला. "एकेका वयाचं काम असतं." मग त्याला सावद्याला एका केळीवाल्याच्या गोदामात कॅमेरे बसवायला जायचं होतं, म्हणून तो निघाला. मृणाली दोन दिवस राहणार होती.

रात्रभर लिलाबाईंचा संताप निवला नाही. ज्याला दिव्याचा प्लग धड लावता येत नाही, त्याने आपल्याला वय शिकवावं! सकाळी चहा होताच त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. पट्टी काढून पुन्हा चिकटवली. भिंग लावून प्रोसेसरचा तळ पाहिला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. काही केल्या चूक सापडेना.

मृणाली शेजारी गवार मोडत बसली होती. तिने न बघता म्हटलं, "सॉकेटमध्ये बघ. कापलेल्या खुंटाजवळ संपर्काची एक तार वाकलीय."

"कशावरून?"

"काल ब्लेड सटकलं तेव्हा वाकली. मी पाहिलं."

लिलाबाईंनी भिंग ठेवलं. "पाहिलंस? आणि गप्प बसलीस? त्या माणसासमोर माझं हसं होऊ दिलंस?"

"तू विचारलंस का मला?"

"यात विचारायचं काय? सांगायचं!"

"कुणाला सांगायचं, आई?" मृणालीने गवारीचं ताट बाजूला सरकवलं. "तुला वाटतं मी तिथे माऊस विकते. दुकानात येणारा प्रत्येक बोर्ड मागच्या खोलीत माझ्या हाताखालून जातो. ते पुढे बसून गिऱ्हाइकाला काहीबाही सांगतात, मी मागे निस्तरते. ते मला विचारत नाहीत आणि तूही विचारत नाहीस. तुम्ही दोघांनी एकमेकांना हसत बसायचं, मी मधे. खरं सांगू? दोघं अगदी सारखे आहात."

लिलाबाईंना कुणी मुस्कटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या माणसासारखी? मी? वर्गातल्या मागच्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी मुलांची तोंडं उगाच डोळ्यांपुढे आली. त्यांना त्या फळ्याशी बोलावत, आणि चुकली की सगळा वर्ग हसेपर्यंत तिथेच उभं ठेवत.

शेवटी त्यांनी सुईचा डबा पुढे केला. "येईल का सरळ करता?"

"येईल. तू बॅटरीचा उजेड धर. हलवू नकोस."

लिलाबाईंनी बॅटरी धरली. मृणालीने सुईचं टोक त्या केसाएवढ्या तारेखाली घातलं आणि श्वास रोखून ती तार उचलली. एकदा, परत एकदा. मग पट्टी नीट बसली का ते नखाने चाचपून प्रोसेसर ठेवला, वरचा चाप आवळला आणि पंखा लावला. लिलाबाईंना हात पुढे करायचा मोह होत होता. त्यांनी तो केला नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, एक बारीक टिक् ऐकू आली, आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. चार कोर, सगळे जिवंत. कालपर्यंत धापा टाकणारा व्हिडिओ पाण्यासारखा वाहू लागला.

"छान केलंस," लिलाबाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांना फार जड गेले.

युवराजला ही बातमी कळली, आणि पंधरवड्याच्या आत दुकानाबाहेर फ्लेक्स लागला: 'जुना कॉम्प्युटर नवा करा! खास जर्मन टेक्नॉलॉजी!' पट्टी कुठून येते हे त्याला ठाऊक नव्हतं, ती कशाला लागते हेही नाही. जर्मनी मात्र ठाऊक होता. तो फ्लेक्स बघायलाच जणू लिलाबाई एसटी पकडून जळगावला गेल्या.

दुकानात यावलहून आलेला नवल नावाचा एक गडी बसला होता. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि तिथला कॉम्प्युटर तो मोटरसायकलवर बांधून घेऊन आला होता. युवराजने डबा उघडूनही पाहिला नाही. "बसतो ना, भाऊ! कुठल्याही बोर्डावर बसतो. संध्याकाळी घेऊन जा."

लिलाबाईंनी पदर सावरला. आता मात्र बाहेरची जीभही तयार झाली होती. तेवढ्यात मागच्या खोलीतून मृणाली आली, तिने डबा उघडून आत पाहिलं.

"नाही बसणार. हा बोर्ड वेगळ्या जातीचा आहे. पट्टी लावली तर बोर्डच जाईल."

"अगं, मी बोलतोय ना," युवराज दबक्या आवाजात म्हणाला.

"हो. चुकीचं बोलताय."

नवलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग डबा उचलून मृणालीपुढे ठेवला. "मंग ताई, काय करू मी? तुम्हीच सांगा."

युवराज चहा सांगून येतो म्हणाला आणि बराच वेळ आला नाही. लिलाबाईंना त्याची दया आली नाही, पुढेही कधी आली नाही. त्या स्टूल ओढून लेकीच्या शेजारी बसल्या आणि ती नवलला काय सांगते ते ऐकत राहिल्या.

त्या रात्री नवराबायकोत काय बोलणं झालं, ते लिलाबाईंना कधी कळलं नाही. पुढच्या महिन्यात मृणालीने मोबाईलवर एक फोटो पाठवला. जर्मन टेक्नॉलॉजी गेली होती. तिथे नवा फ्लेक्स होता: 'दुरुस्ती विभाग प्रमुख, इंजिनियर सौ. मृनाली.'

लिलाबाईंनी लगेच फोन लावला. "अगं, बायकोचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही का त्याला!"

"राहू दे, आई," मृणाली म्हणाली. तिच्या पाठीमागे कुणीतरी गिऱ्हाईक 'मॅडम, मॅडम' करत होतं. "छापणाऱ्याला सांगितलंय मी. उद्या बदलून देतो म्हणालाय. ठेवते, माझ्यासमोर बोर्ड उघडा पडलाय."