एका टाचेवरची प्रदक्षिणा

माझा मेव्हणा केस कापतो. त्याला सगळे भिंगरी म्हणतात आणि त्यात काही अन्याय नाही. गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं की हा त्याच्याभोवती असा फिरायचा की आरशात दोन-दोन भिंगऱ्या दिसायच्या. एकदा एका गृहस्थाला चक्कर आली होती, आणि ते तर नुसते बाकावर बसून वाट बघत होते. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. आता ते कुठं असतात ते मला विचारू नका.

तर या भिंगरीची डावी टाच दुखायला लागली. दिवसभर कशीबशी निभायची, पण सकाळचं पहिलं पाऊल म्हणजे जमिनीतून कुणी खिळा वर मारतंय असं. मी तेव्हा त्यांच्याच घरी राहायला होतो, सलूनच्या वरच्या मजल्यावर. घड्याळाची गरजच नव्हती. बरोबर सहाला "आई गं!" असा आवाज यायचा, त्याबरोबर आमचं घर उठायचं, शेजारचं घर उठायचं, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला सायकल काढायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सांगत बसलो नसतो. एका दुपारी त्याने माझ्या कानापाशी वस्तरा धरला होता आणि नेमकी तेव्हाच टाचेने कळ मारली. हात एवढासाच हलला. कानाच्या पाळीवर तीळभर रक्त आलं. मी म्हणालो, "अरे, एवढं काय, दुसरा कान आहे ना!" पण तो हसला नाही. वस्तरा पुसला, म्यानात घातला आणि खण बंद केला.

"दाजी," तो म्हणाला, "आजपासून दाढी बंद. आणि ज्या दिवशी कात्रीही हलेल, त्या दिवशी शटर खाली."

त्याची मुलगी केस झाडत होती. तिचा झाडू तिथंच थांबला. तिचा बाप एकतीस वर्षं त्या खुर्चीपाशी उभा होता. त्याला घरात बसलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, बाबा?"

"सांगितलं होतं काहीतरी."

"काय?"

"व्यायाम लिहून दिलेत. कागद या खिशात आहे." त्याने ॲप्रनच्या खिशातून कागद काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मुलगी तडक रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या बूटवाल्या मावशीला घेऊन आली. या मावशीचं वय कुणाला माहीत नाही. बूट शिवते, तळ बदलते, आणि म्हणे नुसत्या झिजलेल्या चपलेवरून सांगते की माणसाचं लग्न झालंय की नाही. माझ्या चपलेकडे बघून तिने एकदा मान हलवली होती, तेव्हापासून मी तिच्या दुकानासमोरून दुसऱ्या बाजूने जातो.

भिंगरीने पाय पुढे केला. मावशीने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाय ठेव खाली. काम कर."

"कुणाचं?"

"हे बसलेत की रिकामे," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फार नव्हतं. तरी बसलो. मावशीने फळीवरचा पावडरचा डबा उचलला आणि शांतपणे सगळ्या फरशीवर शिंपडला, रांगोळीआधी सडा शिंपडावा तसा. जमीन पांढरी झाली. भिंगरी बघत राहिला.

"बघतोस काय? नेहमीसारखं काप. मला तू नको सांगू, तुझ्या टाचेला बोलू दे."

त्याने कापलं. पाव तास मावशी बाकावर बसून फरशीकडे बघत होती. मग म्हणाली, "आता सगळे बाकावर चढा आणि खाली बघा."

आम्ही चढलो. आणि काय सांगू! खुर्चीभोवती पांढऱ्यावर एक फूल उमललं होतं. डाव्या टाचेचे गोल गोल ठसे, एकाला एक लागून, प्रत्येक अर्धा वळलेला, जशी पाकळी देठापाशी मुरडते. उजव्या पायाचे फक्त चवडे, दूर बाहेर, रेघारेघांसारखे. एकही ठसा उलट्या दिशेचा नव्हता. भिंगरी उजव्या कानापासून मागून डाव्या कानाकडे जायचा आणि आरशात बघायला दर वेळी डाव्या टाचेवर गिरकी घ्यायचा. एकतीस वर्षं तेच. एवढी देखणी नक्षी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती एका दुखण्याने काढली होती. भिंगरी आपल्याच पायांकडे असा बघत होता जशी कुणी त्याला त्याच्याच घरातली कधी न पाहिलेली खोली दाखवली असावी.

"बाप रे," तो हळूच म्हणाला. "हे मी?"

"तूच." मावशी म्हणाली. "पृथ्वीला दोन फेऱ्या घातल्यास बाबा, आणि त्याही एका टाचेवर. आणि वर काय? ही कागदासारखी चप्पल!" तिने ती दोन बोटांत धरून उचलली. तिच्यातून खिडकी दिसत होती.

पुढे जे तिने सांगितलं ते थोडंफार त्या कागदावरचंच होतं. पोटरी आणि टाच ओढणारा दोर एकच, म्हणून उठण्याआधी अंथरुणातच पायाच्या बोटांना टॉवेल अडकवून तीस मोजेपर्यंत हळूहळू ओढायचं. मग भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. संध्याकाळी थंड पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवायची. घरातही फरशीवर अनवाणी नाही. तळव्याच्या कमानीला आधार देणारे, टाचेखाली जाड असलेले बूट तिने स्वतः शिवले. "आणि एक माझं," ती म्हणाली. "एक गिऱ्हाईक सोडून दुसऱ्याला उलटं फिरायचं. आणि गिरकी बंद. पाय उचलून वळ, मळणीतल्या बैलाला जमतं ते तुला जमेल."

"किती दिवसांत?"

"टाच एका दिवसात रुसत नाही आणि एका दिवसात मानत नाही. महिने धर."

उलटं फिरणं म्हणजे गंमत नव्हे. कात्री त्याच हातात, पण जग उलटं. पहिले दोन आठवडे आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांचे कल्ले एका बाजूला बोटभर वर होते. सगळे किंचित कललेले दिसायचे. लोक एकमेकांना बघून मान तिरकी करायचे आणि ते बरोबर दिसायला लागायचं. कुणी तक्रार केली नाही. भिंगरी मात्र रोज संध्याकाळी म्हणायचा, "दाजी, आज कात्री हलली नाही."

सकाळचा "आई गं" हळूहळू "आई" झाला. मग नुसता "हं", पण त्यावरही गल्ली उठायची. मुलगी रोज बाहेरून कान लावून बसायची.

बाराव्या आठवड्यात एका सकाळी आम्हाला जाग आली ती साडेसातला. घरात आवाज नाही. शेजारीही सामसूम. दूधवाला दारात उभा, गोंधळलेला. मुलगी धावत बापाच्या खोलीत गेली आणि किंचाळली, "आतोबा! बाबा अंथरुणात नाहीत!"

आम्ही जिन्यावरून खाली घरंगळलोच म्हणा. भिंगरी सलूनमध्ये उभा होता, दोन्ही पायांवर, सारखा भार देऊन. खण उघडा होता. चामड्याच्या पट्ट्यावर तो वस्तरा घासत होता, हळू, एका लयीत. कधी उठला, किती पावलं चालला, त्याला आठवत नव्हतं. कुणी विचारलं तेव्हाच त्याने खाली पायांकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरले.

"बसा दाजी," तो म्हणाला.

मी बसलो. साबणाचा फेस गार होता. पातं गळ्यावरून वर सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. तो माझ्याभोवती डावीकडून निघून उजवीकडे आला, पाय उचलत, आवाज न करता. मुलीने श्वास धरला होता, तो मला पाठीमागून ऐकू येत नव्हता म्हणूनच कळलं. शेवटी त्याने पातं उचलून उजेडात धरलं. त्यावर फक्त फेस होता.