हळद लोखंडालाच लागली पाहिजे!

मी एक जुना थर आहे. रंगाचा नव्हे, मित्रांनो, आधी तेवढं नीट ऐकून घ्या! जन्मभर सगळ्यांनी मला रंगच म्हटलं, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

नाशिकजवळ द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या लोखंडी खांबांवर, आगीपासून बचाव म्हणून, १९९८ साली मला फवारलं. जाडी नखाएवढी, अंग खडबडीत, तोंडवळा मळकट पांढरा. पण आच लागली की मी फुगतो. निखाऱ्यावरची भाकरी फुगते ना, तसा. पण तिच्यापेक्षा कितीतरी पट. काळा, भुसभुशीत होतो आणि गोधडीसारखा खांबाला लपेटून घेतो. लोखंड वितळायच्या कितीतरी आधीच मऊ पडतं आणि डोक्यावरच्या ओझ्याखाली वाकतं. ते वाकणं मी तासभर लांबवतो. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात.

खांबांवर माळा होता. तिथे पेठ तालुक्याकडच्या बाया खोक्यांच्या घड्या घालत. त्यांच्यात थोरली गोजराबाई. तिचा गळा असा, की खाली मशीनसुद्धा दबकून चालतंय असं मला वाटे.

द्राक्षं गं निघाली, बोटीत मोठमोठी
लेक माझी पेठला, चव नाही तिच्या ओठी

ऐकत राहावंसं वाटे. पण मध्येच दसरा यायचा!

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा. मुकादम हिरामण मोठा भाविक माणूस. माळ्याच्या मधल्या खांबासमोर तो तारेचा ब्रश घेऊन उभा राही.

"हिरामणदादा, खरवडतो कशाला? बरा हाय की रंग," गोजराबाई म्हणे.

"रंगाला कोण पुजतं गं? हळद लोखंडालाच लागली पाहिजे!"

आणि खर्र, खर्र! गुडघ्यापासून छातीपर्यंत मला सोलून काढी. चकचकीत लोखंडावर हळदकुंकू, वर झेंडूची माळ. दिवाळीत त्याच जागेवर निळा ऑइलपेंट. पुढच्या दसऱ्याला पुन्हा ब्रश, आणि दरवेळी वीतभर जास्त! मला फवारणाऱ्यांनी कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं, 'खरवडू नये.' त्या कागदावर हिरामणने पेढे ठेवले. आता सांगा, चिडू नको तर काय करू?

२००४च्या फेब्रुवारीत भरदुपारी खालच्या पुठ्ठ्यांनी पेट घेतला. जिना ज्वाळांत गेला. माळ्यावर अकरा बाया. खिडकीला शिडी लागेपर्यंत माळा टिकायला हवा होता.

मी फुगलो, मित्रांनो! सहाच्या सहा खांबांवर, जिथे जिथे उरलो होतो तिथे तिथे. पण मधल्या खांबाची ती उघडी जागा... तिथे मी कुठून येणार होतो? लोखंड तापलं, लाल झालं, आणि बरोबर हळदीच्या जागी गुडघ्यात मोडलं. माळा हातभर खचला. बाकीच्या पाच खांबांनी दात-ओठ खाऊन तो तोलून धरला.

"उतरा गं, माझ्याकडं बघू नका!" गोजराबाई एकेकीला शिडीवर ढकलत होती. दहा उतरल्या. ती निघाली तेव्हा खचलेल्या फळीत तिचा पाय अडकला. अग्निशमन दलाच्या जवानांनी तिला ओढून काढलं, पण पाय दोन ठिकाणी मोडला.

नंतर खांब बदलला, सगळ्या खांबांवर माझी नवी भावंडं आली. मी मात्र एकदाच फुगतो. माझा एक काळा तुकडा गोजराबाईने डब्यात घालून हजेरीच्या टेबलावर ठेवला. तिथूनच मी हे बोलतोय.

मग आला दसरा. आणि हिरामण आला, ब्रश घेऊन! मी डब्यात कपाळावर हात मारला असता, पण हात कुठले?

गोजराबाई काठी टेकत पुढे आली. खांबाला पाठ लावून खाली बसली आणि वाकडा पाय त्याच्यापुढे पसरला.

"दादा, खांबाला नको. हळद लावायची तर हिथं लाव. लय ठणकतो."

हिरामणने ब्रश खाली ठेवला. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि सुतळीने खांबाला बांधला. मग वाटीतली उरलेली हळद घेऊन तो तिच्या पायाशी बसला. हलक्या हाताने ती ठणकत्या पायावर लावू लागला.

मित्रांनो, देव पुठ्ठ्यावरची हळदसुद्धा घेतो. मला तेवढं खरवडू नका.