गच्चीवरचा जावई

गच्चीवरची पांढरी पेटी न्यायला माणसं येणार असा हवामान कार्यालयाचा फोन आला, तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

मुलगी म्हणाली, "बाबा, पेटी त्यांचीच आहे."

"असू दे. दार आपलं आहे."

ही पेटी बसवली तेव्हा माझी बायको होती. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं होतं की शहरांतली उष्णता एकत्र मोजायची, आणि त्यासाठी त्यांना मोकळ्या गच्च्या हव्या होत्या. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, गच्चीचा जिना आमच्याच दारातून जातो. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, दिवसभर बाहेर. होकार तिनंच दिला. लाकडी पाय, चारी बाजूंना झडपा, आत तापमानाचं यंत्र, बाहेर आकडा दिसणारी छोटी काच. तो आकडा आपोआप दूर कुठंतरी जायचा आणि सगळ्या देशांच्या आकड्यांत मिसळायचा. बायको त्या पेटीला जावई म्हणायची. "उंच जागी बसवायचं, रोज पुसायचं, आणि वर त्याची तक्रार काय, तर उकडतंय." मुलगी चिडवायची, "माझं लग्न व्हायच्या आधीच घरात जावई आणलास ना आई!"

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. त्या दुपारी मी कामावरून फोन केला तर म्हणाली, "आज जावई फारच तापलाय," आणि आकडा सांगितला. एवढा मोठा आकडा तिनं त्याआधी कधी सांगितला नव्हता. मी म्हटलं, पाणी पीत राहा. संध्याकाळी आलो तर ती शिलाई मशीनजवळ जमिनीवर होती. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदय बंद पडलं. शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं.

मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, भरल्या घरात म्हणाला, "ताईच्या छातीत आधीपासून दुखत असणार. भाऊजींचं लक्ष कुठं होतं?" तिच्या छातीत कधी दुखलं नव्हतं. गच्चीखालची ती खोली भट्टी झाली होती, एवढंच झालं होतं. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "त्या दिवशी एवढं काही ऊन नव्हतं. बातम्यांत कुठं होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर एकच होतं, जावयाचा आकडा. त्या दुपारचा तो आकडा मी हवामान कार्यालयाकडे लेखी मागितला. आधी म्हणाले, देतो. मग म्हणाले, तपासणी चालू आहे. आणि आता पेटीच उचलायला निघाले. कुणालाही संशय येईल.

त्यातच टीव्हीवर देशोदेशीचे पुढारी ओळीनं उभे राहून टाळ्या वाजवत होते. हवामानाचा करार झाला म्हणे. बायको असे कार्यक्रम शेवटपर्यंत बघायची. "बोलतायत तरी एकमेकांशी," म्हणायची. मी म्हणायचो, "फोटो निघेपर्यंत." आता मला वाटलं, टाळ्या वाजवून झाल्या, आता नको असलेले आकडे उचलून नेताहेत.

दोघं दुपारी आले. लिफ्ट बंद ठेवायचा विचार माझ्या मनात आला होता, पण खालच्या मजल्यावरच्या आजींचे दुखरे गुडघे आठवले. एक हवामान कार्यालयाचे साहेब. त्यांच्याबरोबर एक परदेशी बाई, वयानं माझ्या बायकोएवढी, हातात अवजारांची पिशवी. साहेब एवढे गोड हसले की मी खिशातली किल्ली चाचपून पाहिली.

"काका, किल्ली देता का? थोडंसंच काम आहे."

"आकडा द्या, किल्ली घ्या."

साहेबांनी बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बाई बोलायला लागल्या. हात हलवून, भिंतीकडे दाखवून, खिडकीबाहेर बोट करून बराच वेळ बोलल्या. साहेब माझ्याकडे वळले. "त्या म्हणतात, नियमात बसत नाही."

"एवढं सगळं बोलल्या त्या, आणि तुम्ही एवढ्यात उरकलंत?"

"मुद्दा तेवढाच आहे."

"मुद्दा तेवढाच नाहीये, बाबा," मुलगी चहा घेऊन आत आली. साहेबांचा चेहरा पडला.

"तुम्हाला यांची भाषा येते?"

"फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायची नोकरी आहे माझी. याच भाषेत शिव्या खाते दिवसभर. न येऊन सांगते कुणाला?"

मग तिनं बाईंना परत विचारलं आणि मला सांगितलं. पेटी खोटं बोलत नाही, पण चुकीच्या जागी उभी आहे. खाली सिमेंट, मागे टाकीची भिंत. भिंत तापते आणि पेटीला तापवते. सगळ्या देशांनी एकच नियम मानलाय. पेटी आपोआप वाढलेल्या गवतावर हवी, भिंतीपासून लांब, सगळीकडे सारख्याच उंचीवर. तरच इथला आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडून बघता येतो. ही शहरांची योजना हौसेनं सुरू झाली, तेव्हा गच्च्याही चालवून घेतल्या. आता काही देश योजनेतून बाहेर पडलेत.

"त्यात त्यांचाही देश आहे," मुलगी म्हणाली. "हे सांगताना खाली बघत होत्या. जेवढं उरलंय त्यात फक्त नियमातल्या पेट्या ठेवणार."

"आणि गच्चीवरचे जुने आकडे?"

हे मी साहेबांना विचारलं. त्यांनी कपाकडे बघत उत्तर दिलं, "पुसणार नाही. पण त्यांच्यापुढे खूण असेल. संशयास्पद अशी."

"म्हणजे हिशेबात धरणार नाही."

"नाही."

"आकडा मोठा आला म्हणून?"

"छोटा आला असता तरी नसता धरला, काका."

"पण छोटा आला नाही ना."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. मी विचारलं, "पेटी कुठं नेणार?"

"मोठ्या बागेत. जागा पाहून ठेवलीय."

"तिथं राहतं कोण?"

"बागेत कोण राहणार?"

"मग गवत किती तापलं ते कळेल तुम्हाला. माणसं भिंतींच्या आत राहतात, साहेब. भिंत तापते म्हणून आकडा चुकला म्हणता. त्याच भिंतीखालचं सिमेंट माझ्या बायकोच्या डोक्यावर होतं."

हे साहेबांनी बाईंना सांगितलं नाही. मुलीनं सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"आईची खोली बघायचीय त्यांना."

मला ते आवडलं नाही. ती गेल्यापासून त्या खोलीत मी आणि मुलगी सोडून कुणी गेलं नव्हतं. पण नाही म्हणायला कारणही सुचेना. आत मशीन तसंच होतं, सुईखाली अर्धा शिवलेला पडदा. बाई तिच्या स्टुलावर बसल्या. कशाला हात लावला नाही. साहेब मान पुसत म्हणाले, "जरा खिडकी उघडा की."

"उघडीच आहे."

अजून उन्हाळा लागायचा होता, तरी साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. मग बाई बोलल्या. या वेळी थांबत थांबत, मुलीला सांगता यावं म्हणून.

घरांतली उष्णता मोजा, असं त्यांनी स्वतः देशांच्या बैठकीत मांडलं होतं. घर कशाला म्हणायचं यावरच गाडी अडली. कुणाचं पत्र्याचं, कुणाचं लाकडाचं, कुणाचं यंत्रानं गार केलेलं. एका देशानं सांगितलं, आमच्या लोकांच्या खोल्यांत बाहेरच्यांनी डोकावायचं नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

"आणि पुढच्या बैठकीत?"

"त्याच्या पुढच्या," मुलगी म्हणाली.

"मग तुमचा गवताचा नियम काय चाटायचाय?"

मुलीनं हे जरा सौम्य करून विचारलं असणार. बाई म्हणाल्या, दोन देश आहेत, एकमेकांवर गोळ्या झाडतात. तरी रोज ठरल्या वेळी दोघांचेही आकडे येतात, त्याच नियमानं मोजलेले. बाकी सगळं तुटलं, तेवढं टिकलंय.

खरं असेल, नसेलही. लिफ्ट कुठं अडतेय ते मला आवाजावरून कळतं, माणसाचं कळत नाही. म्हणून मी सरळ विचारलं, "त्या दिवशी या खोलीत माणूस मरेल एवढी उष्णता होती का?"

"असं एका आकड्यावरून सांगता येत नसतं," साहेब घाईनं म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

मुलीनं बाईंना विचारलं. बाईंनी मशीनकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या. तो मला कुणी सांगावा लागला नाही.

"हे लिहून द्याल?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर हो म्हटलं होतं आणि तोंडावर नाही म्हटलं होतं.

मुलगी माझ्याजवळ आली. "बाबा, मामाला मी सांगते. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"आणि जावई?"

"इथं ठेवलात तर त्याचं कुणी ऐकणार नाही. तिथं निदान ऐकतील. पुढच्या वेळी खूण करायला कारण नको त्यांना."

मी किल्ली दिली. पण पेटी उचलायच्या आधी बायकोचं फडकं आणून पुसून घेतली, आणि खाली नेताना लिफ्टमध्ये मीच धरली. साहेब म्हणाले, "राहू द्या, आम्ही सांभाळतो." मी सोडली नाही.

मुलीनं मामाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी "बघू" म्हणाला. पूर्वी "काहीतरीच" म्हणायचा.

आता मी कामावर जाताना बागेतून जातो. पेटी गवताच्या मधोमध उभी आहे, भोवती कुंपण, जवळ भिंत नाही. सगळं नियमाप्रमाणे. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. परवा पाहिलं, तर माळी नळी घेऊन नेमका त्याच गवतावर पाणी मारत होता. गवत ओलं, म्हणजे हवा गार, म्हणजे आकडा छोटा. मला लगेच साहेबांचं हसू आठवलं.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"कुणी कशाला सांगेल? वाळतंय गवत."

"वाळू दे. आपोआप वाढलेलंच हवं तिथं. पाणी मारायचं नाही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या हातातलं फडकंही पाहिलं. "तुम्ही कोण या पेटीचे?"

"सासरा," मी म्हटलं.

तो हसला आणि मान हलवून गुलाबांच्या वाफ्याकडे गेला. पण माझी पाठ फिरल्यावर तो परत येतो का, ते बघायला मी तिथंच उभा राहिलो. कामाला उशीर झाला.